बोटांचे एकत्र कुटुंब

थंडीच्या बाबतीत मराठी भाषा तशी गरीब नाही. काकडणे, कुडकुडणे, हुडहुडी भरणे, गारठणे, हातपाय आखडणे, दातांवर दात वाजणे असे कितीतरी शब्दप्रयोग आपल्या सहज तोंडी येतात. पण या शब्दांतली थंडी बहुतांशी महाबळेश्वरच्या डिसेंबरातली, निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे धूर करावा लागतो तेव्हाची, शेकोटीपाशी जाऊन बसले की निघून जाणारी थंडी आहे. शरीराचा एखादा अवयव कायमचा घेऊन जाणाऱ्या थंडीसाठी आपल्याकडे 'हिमदंश' हा संस्कृतातून घडवलेला शब्द आहे, आणि तोही बहुधा सियाचीनच्या बातमीतच भेटतो.

हातात घालायच्या वस्तूचेही तसेच आहे. 'हातमोजा' म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती पाच बोटांची पाच स्वतंत्र घरे. चार बोटे एका खोलीत आणि अंगठा तेवढा शेजारी, अशा रचनेच्या मोज्याला मराठीत रूढ नाव नाही. डोंगरात जाणारी मंडळी त्याला 'मिटन' म्हणतात आणि आम्हीही तेच म्हणणार आहोत. प्रतिशब्द घडवण्याची हौस आम्हाला नाही असे नाही, पण घडवलेला शब्द दुकानात जाऊन मागता आला नाही तर त्याचा उपयोग काय? नाव नसण्याचा परिणाम मात्र गंभीर आहे. पुण्या-मुंबईच्या गिरिभ्रमण गटांच्या सामानाच्या याद्या पाहाव्यात. 'हातमोजे, दोन जोड' एवढीच ओळ त्यांत असते. ती वाचून माणूस बाजारात जातो आणि पाच बोटांचेच दोन जोड घेऊन येतो. यादीतले काम पूर्ण होते, बोटांची सोय होत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. हिवाळ्यात बर्फात जाणाऱ्याने आधी मिटन घ्यावा आणि मग उरलेल्या पैशांत हातमोजे घ्यावेत. आज नेमके याच्या उलट होते. हे म्हणणे सर्वांना लागू नाही, हेही आधीच सांगून टाकतो. ऑगस्टमध्ये फुलांच्या दरीत जाणाऱ्याला किंवा मे महिन्यात एखादी सोपी खिंड ओलांडणाऱ्याला साधे लोकरी मोजे आणि वरून पावसाचे कवच पुरते. आम्ही बोलतो आहोत ते डिसेंबर-जानेवारीत केदारकंठ्याला पहाटे दोन वाजता निघणाऱ्यांविषयी, गोठलेल्या झंस्कार नदीवरून 'चादर' करणाऱ्यांविषयी, सहा हजार मीटरचे पहिले शिखर मनात धरलेल्यांविषयी आणि एडमंटन किंवा मिनेसोटात सकाळी उठून दारातला बर्फ उपसणाऱ्या आपल्या नातलगांविषयीही.

मिटन अधिक ऊबदार का, याचे उत्तर बोटाच्या घडणीत आहे. बोट म्हणजे एक बारीक नळकांडे. त्यात उष्णता निर्माण करतील असे स्नायू जवळजवळ नाहीतच. बोटे हलवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात आणि बोटांपर्यंत त्यांच्या फक्त दोऱ्या पोचतात. म्हणजे बोटाची ऊब ही रक्ताकडून घेतलेली उसनवारी. शरीराचा मध्यभाग गार होऊ लागला की शरीर पहिली काटकसर करते ती इथेच. बोटांकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय आणि मेंदू राखले जातात. त्यात नळकांडे जितके बारीक, तितका त्याच्याभोवती गुंडाळलेल्या थरांचा लाभ कमी, कारण थर जाड करावा तसा बाहेरचा पृष्ठभागही वाढत जातो आणि उष्णता बाहेर पडायला तेवढी जागा अधिक मिळते. म्हणून पाच बोटांचा मोजा कितीही जाड केला तरी एका मर्यादेपलीकडे त्याची ऊब वाढत नाही. बोटे मात्र लाकडाच्या ओंडक्यांसारखी फाकतात. मिटनमध्ये चार बारीक नळकांड्यांचा एकच जाड गठ्ठा होतो, बोटाला बोट लागते आणि जे करंगळीला कमी पडते ते मधल्या बोटाकडून मिळते. एकत्र कुटुंबाचे गुणदोष सर्वांना ठाऊक आहेत, पण उणे वीस अंशांत विभक्त राहण्यात काही शहाणपण नाही.

काश्मिरी माणसाने हे फार पूर्वीच ओळखले असावे. फिरन नावाच्या त्या लांब सैल अंगरख्यात तो दोन्ही हात बाह्यांतून काढून आत घेतो आणि पोटाशी कांगडी धरतो. कांगडी म्हणजे वेताच्या टोपलीतले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. फिरन म्हणजे सगळ्या अंगालाच घातलेला एक मोठा मिटन म्हणायचा. अर्थात तो घालून कुऱ्हाड धरता येत नाही, आणि आक्षेप नेमका तोच आहे.

मिटन घातला की हात लुळा होतो, असे सगळे म्हणतात. बुटाची नाडी बांधता येत नाही, पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडता येत नाही आणि फोटो तर मुळीच काढता येत नाही. (हे शेवटचे कारण कुणी उघड सांगत नाही, पण आमच्या मते हिमालयात गोठणाऱ्या निम्म्या बोटांमागे तेच असते.) आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर थरांच्या रचनेत आहे. आत एक पातळ, बोटांचा, अंगाला चिकटून बसणारा मोजा. त्यावर ऊबदार मिटन. वारा आणि ओल अडवणारे कवच बाहेरून, मिटनचेच अंग म्हणून किंवा वेगळे. नाजूक काम आले की मिटन काढायचा, पातळ मोज्याने काम करायचे आणि लगेच हात परत आत. उघडा हात धातूला कधी लागत नाही आणि काम अर्ध्या मिनिटात उरकते. मिटन काढल्यावर तो कुठे जातो, हा खरा प्रश्न. लहान मुलांच्या मोज्यांना गळ्यातून दोरी घालतात तशी मनगटाची दोरी चांगल्या मिटनला असते. मोठ्या माणसांना ती पोरकट वाटते आणि विकत घेताच पुष्कळजण ती कापून टाकतात.

ही दोरी किती मोलाची, हे मॉरिस हर्झोगच्या हातांनी सांगितले. ३ जून १९५० रोजी हर्झोग आणि लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या शिखरावर पोचले. आठ हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर माणसाने पाऊल ठेवण्याची ती पहिली वेळ. उतरताना हर्झोगने पाठपिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत लोकरी पायमोज्यांचा एक जास्तीचा जोड होता, तो हातांत घालता आला असता. ती गोष्ट त्याला सुचलीच नाही. पुढे परतीच्या वाटेवर डॉक्टर जाक ऊदो यांना त्याच्या हातापायांची बोटे कापावी लागली. त्या मोहिमेच्या कथनाबद्दल नंतर फ्रान्समध्ये बरेच वाद झाले, ते येथे बाजूला ठेवू. आम्हाला या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते हे की, विरळ हवेत आणि थकव्यात बुद्धी आधी बधिर होते आणि बोटे नंतर. त्या वेळी शहाणपण सुचेल असे गृहीत धरून सामान निवडायचे नसते. मिटन सुटूच नये अशी सोय घरी असतानाच करून ठेवायची असते.

आता 'डाऊन'विषयी. बदक किंवा हंसजातीच्या पक्ष्यांच्या बाहेरच्या पिसांखाली, विशेषतः छातीवर, जी मऊ लव असते तिला डाऊन म्हणतात. तिला पिसासारखा कणा नसतो. एका बिंदूतून सगळीकडे तंतू फुटलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते. ऊब देते ती ही थांबलेली हवा, लव फक्त तिला धरून ठेवते. ज्यांच्या लहानपणी दारावर पिंजारी येत असे त्यांना हे समजावून सांगायला नको. चेपलेल्या गादीतला कापूस तोच, वजन तेच, पण धनुकलीवर पिंजला की तो फुगतो आणि गादी पुन्हा गरम होते. पिंजारी कापूस विकत नव्हता, हवा विकत होता.

हा फुगवटा मोजण्याचा एक अंक असतो, दुकानात त्याला 'फिल पॉवर' म्हणतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन ठरावीक वजनाखाली किती घन इंच जागा व्यापते, तो हा अंक. ८०० अंकाचे डाऊन असेल तर तेवढी लव सुमारे १३ लिटर जागा भरते. विक्रेता हा अंक मोठ्या आवाजात सांगतो आणि ग्राहक भारावतो. पण हा अंक दर्जा सांगतो, प्रमाण सांगत नाही. मिटनमध्ये ८०० अंकाचे १५ ग्रॅम भरले आहे की ६५० अंकाचे ४० ग्रॅम, हे विचारायला हवे, कारण दुसरा मिटन वजनाने थोडा जड असला तरी बराच अधिक ऊबदार असणार. किती ग्रॅम भरले आहे, हा आकडा पुष्कळदा लेबलावर नसतो. जी कंपनी तो छापते तिच्यावर आमचा विश्वास अधिक. लव आणि पिसे यांचे प्रमाणही पाहावे. ९०/१० म्हणजे नव्वद टक्के लव आणि दहा टक्के लहान पिसे. आणि शिवण पाहावी. गोधडीसारखे आरपार टाके घातलेले असतील, तर टाक्यांच्या रेषेवर लव शून्य होते आणि तिथून थंडी आत येते. गोधडीत ते चालते, कारण ती पुण्याच्या थंडीसाठी आहे. हिमालयासाठी आत कप्पे असलेली किंवा दोन थरांच्या शिवणी एकमेकींवर न येणारी रचना हवी.

लव वापरणाऱ्याला आधी हसण्याची परंपराही जुनी आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून शिवलेला कोट नेला होता. लोकर आणि ट्वीडमधल्या सहकाऱ्यांनी प्रथम त्याची थट्टा केली, वरच्या तळांवर तोच कोट हेव्याचा विषय झाला. आता कोणी थट्टा करत नाही. आता उलट झाले आहे: डाऊन म्हटले की विचारच थांबतो. वास्तविक डाऊनला दोन मोठी व्यंगे आहेत आणि दोन्ही नेमकी हातालाच नडतात.

पहिले व्यंग, दाबले की ते संपते. हात हा धरण्यासाठी असतो. काठी, दोर, आइस-ॲक्स मुठीत आली की तळव्याकडची लव चपटी होते आणि गार धातू व त्वचा यांच्यामध्ये फक्त दोन कापडे उरतात. म्हणून हाताच्या पाठीवर डाऊन आणि तळव्याला न दबणारे कृत्रिम तंतू किंवा जाड लोकर, अशी मिश्र रचना आम्हाला सर्वांत शहाणी वाटते. दुसरे व्यंग ओल. भिजली की लव गुठळ्या होऊन बसते आणि तंबूत रात्रभर वाळत नाही. पाणी झिडकारणारी प्रक्रिया केलेले डाऊन मिळते. ते ओल उशिरा पकडते, पण पकडत नाही असे नाही. ओल बाहेरूनच येते असेही नाही. चढावर तळहात घामेजतो आणि तो घाम संध्याकाळी गोठतो. म्हणून चादरीवर, जिथे बर्फावरून पाणी वाहत असते आणि पाय घसरला की पहिला आधार हातच घेतो, तिथे आम्ही डाऊनचा मिटन मुख्य म्हणून सुचवणार नाही. तिथे कृत्रिम तंतूंचा, आतला थर काढून वाळवता येणारा मिटन घ्यावा. डाऊनचा मिटन पिशवीत कोरडा ठेवावा, मुक्कामावर हात परत माणसात आणण्यासाठी. डाऊनचे खरे राज्य कोरड्या, वाराळ, अतिउंच थंडीत आहे. पुण्याच्या गिरिप्रेमीचे गिर्यारोहक २०१२ मध्ये एव्हरेस्टला आणि २०१९ मध्ये कांचनजुंगाला गेले, तशा ठिकाणी.

लेबलावरच्या तापमानाविषयी काय बोलावे! 'उणे ३० पर्यंत' हे शब्द छापायला शाई लागते, कसोटी लागतेच असे नाही. उणे तीस अंशांत कोण? चालणारा की उभा? जेवलेला की उपाशी? किती वेळ? वारा किती? उणे १५ अंश सेल्सिअसला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर अमेरिका व कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारलेल्या सूत्राप्रमाणे उघड्या त्वचेला ती थंडी उणे २६ अंशांसारखी वाटते. युरोपात थंडीपासून रक्षण करणाऱ्या हातमोज्यांसाठी ईएन ५११ हे मानक आहे. त्यात हवेतली थंडी आणि स्पर्शातून येणारी थंडी यांना शून्य ते चार असे वेगवेगळे अंक देतात आणि पाणी शिरते की नाही तेही पाहतात. पण ते मानक मुख्यतः कामगारांच्या हातमोज्यांसाठी वापरले जाते. आमचा ठोकताळा असा: लेबलावरचा आकडा दुसऱ्या कोणाच्या तरी हाताचा आहे असे समजावे. ज्याची बोटे पुण्यातच पांढरी पडतात त्याने एक पायरी वरचाच मिटन घ्यावा, आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

मापाविषयी एकच सांगणे. आपल्याला नीट बसणारे कपडे घ्यायची सवय आहे, मिटन नीट बसता कामा नये. आतला पातळ मोजा घालून मिटन चढवावा, मूठ वळावी, बोटांच्या टोकांपुढे थोडी जागा उरली पाहिजे आणि कुठेही आवळता कामा नये. लव दाबली गेली तर ऊब गेली, मनगट आवळले तर रक्त गेले. मनगटपट्टी जाकिटाच्या बाहीवरून पुढे आली पाहिजे. मिटन तसाच घालून दुकानातच जाकिटाची चेन ओढून पाहावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

पक्ष्यांचे काय, हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस उजनी आणि जायकवाडीच्या पाण्यावर उतरतात. त्यांना दुर्बिणीतून पाहायला पहाटे उठून जाणारी माणसे आणि हिमालयात डाऊन घालून जाणारी माणसे पुष्कळदा तीच असतात. बाजारातली लव या पक्ष्यांची नसते. ती पाळीव बदकांची आणि हंसांची असते, बरीचशी चीनमधली, आणि मुख्यतः मांसाच्या व्यवसायातून येते. पण जिवंत पक्ष्यांची लव उपटण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि हे वाचल्यावर 'उपउत्पादन आहे' असे म्हणून मोकळे होणे आम्हाला जमत नाही. २०१४ पासून 'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड' नावाचे प्रमाणन आहे. त्यात जिवंतपणी लव उपटणे आणि बळजबरीने चारणे यांना मनाई आहे. प्रमाणपत्राने सगळे शुद्ध होते असे नाही, पण ते नसलेला मिटन घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. ज्याला हेही नको असेल त्याने कृत्रिम तंतूंचा जाड मिटन घ्यावा. तो थोडा जड आणि मोठा असतो, पण सहा हजार मीटरपर्यंत त्यात काही उणे पडते असे आम्हाला वाटत नाही.

शेवटी एका यादीत नसलेल्या हातांविषयी. आम्ही ज्या वाटांविषयी लिहीत आहोत, त्या वाटांवर आपले तंबू आणि शिधा वाहणारी माणसे असतात. त्यांच्या हातांत आम्ही रबरी मोजे पाहिले आहेत, विरलेले लोकरी मोजे पाहिले आहेत आणि उघडे हातही पाहिले आहेत. 'त्यांना सवय असते' हे वाक्य आपल्याकडे फार सहज उच्चारले जाते. सवयीने थोडा फरक पडतो हे खरे. थंडीत हात घालून काम करणाऱ्यांच्या बोटांत रक्त लवकर परत येते, असे कोळ्यांच्या बाबतीत उत्तरेकडील देशांत दिसून आले आहे. पण पेशी गोठण्याचे तापमान सवयीने बदलत नाही. शून्याच्या किंचित खाली ते सर्वांना सारखेच. काठमांडूमध्ये पोर्टरांना उबदार कपडे वापरायला देणारी पेढी चालवली गेली, आपल्याकडे प्रत्येक गटाने स्वतःपुरती ती चालवणे अवघड नाही. मोहिमेची वर्गणी ठरवताना माणशी एक मिटनचा जोड सामायिक खर्चात धरावा, साधा, कृत्रिम तंतूंचा, आणि तो परतीला मागू नये. संस्थेला पैसे भरण्याआधी 'पोर्टरांना काय देता?' असे विचारावे. हा प्रश्न दहा जणांनी विचारला की उत्तराची सोय संस्था आपोआप करते.

आणि घेतलेला मिटन सांभाळायचा कसा, तेही सांगून टाकावे, कारण मुंबईचा पावसाळा हिमालयाच्या थंडीपेक्षा डाऊनचा मोठा शत्रू आहे. परत आल्यावर तो दाबून पिशवीत कोंबू नये. धुवायचा असेल तर साबणाच्या कडक पावडरीऐवजी डाऊनसाठीचे सौम्य द्रावण वापरावे, पिळू नये, मंद उष्णतेवर दोन-तीन टेनिसचे चेंडू घालून यंत्रात वाळवावा, म्हणजे गुठळ्या सुटतात. हे पिंजाऱ्याचेच काम, फक्त धनुकली नाही. मग एखाद्या सुती अभ्र्यात सैल घालून कपाटात वरच्या बाजूला टांगावा. जून ते सप्टेंबर मधूनमधून पंख्याखाली उघडा ठेवावा आणि ऑक्टोबरच्या पहिल्या कडक उन्हात तासभर हवा दाखवावी.